जीएम पिकांचं सरकारी संशोधन: परवानगीनंतर कोण बघतं?

2008 साली भारतात एका सरकारी बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, मंजुरी मिळाली. नाव होतं बीटी बिकानेरी नरमा. बाजारातलं खासगी बीटी बियाणं संकरित असतं, त्यामुळे ते दरवर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं. हे मात्र सरळ वाण होतं. घरचं बियाणं राखून पुढच्या हंगामात पेरावं, पुन्हा दुकानात जायची गरज नाही. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि दिल्लीतलं वनस्पती जैवतंत्रज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र, अशा तीन सरकारी संस्था त्यामागे होत्या. 2009 च्या हंगामात बियाणं शेतकऱ्यांच्या हाती गेलं आणि त्याच वर्षी ते थांबवावं लागलं.

पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेने एस. के. सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2012 मध्ये तिचा अहवाल आला. या सरकारी वाणात मोन्सँटो कंपनीच्या ‘मोन-531’ या जुन्या बीटी कापसाचे जनुकीय अंश असल्याचं त्यातून समोर आलं. सरकारी तिजोरीतून घडवलेलं, देशी म्हणून मिरवलेलं बियाणं प्रत्यक्षात कशाचं होतं, हा प्रश्न ते शेतात पोचल्यावर विचारला गेला.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. हे बियाणं चोरवाटेने आलेलं नव्हतं. ते रीतसर समित्यांपुढून गेलं, चाचण्यांचे आकडे सादर झाले, सह्या झाल्या. म्हणजे देखरेख होती. पण ती अर्जातल्या कागदावर होती. पोत्यातलं बियाणं आणि अर्जातलं बियाणं एकच आहे का, हे तिऱ्हाईत प्रयोगशाळेत वेळेवर तपासलं गेलं असतं, तर गोष्ट तिथेच थांबली असती.

नेमकं काय तपासायचं असतं?

जनुकीय बदल केलेलं, म्हणजे जीएम पीक तयार करताना एखाद्या जिवाणूचं किंवा दुसऱ्या वनस्पतीचं जनुक पिकाच्या पेशीत सोडतात. ते जनुक गुणसूत्रावर कुठे जाऊन बसेल, हे जुन्या पद्धतींत ठरवून करता येत नाही. शेकडो पेशींत ते शेकडो वेगवेगळ्या जागी बसतं. त्यातली एक चांगली निघालेली निवडतात आणि तिच्यापासून पुढची सगळी रोपं वाढवतात. अशा एका विशिष्ट जागी बसलेल्या बदलाला ‘इव्हेंट’ म्हणतात. परवानगी मिळते ती त्या एका इव्हेंटला. जनुक तेच असलं तरी जागा बदलली की परिणाम बदलू शकतो, म्हणून नवा इव्हेंट म्हणजे नवी तपासणी. बिकानेरी नरमाचा सगळा घोळ याच मुद्द्यावर होता.

परवानगीही एका दमात मिळत नाही. आधी बंद प्रयोगशाळा, मग हरितगृह, मग लहान क्षेत्रावरची बंदिस्त चाचणी, मग वेगवेगळ्या हवामानांतल्या मोठ्या चाचण्या, आणि शेवटी खुली लागवड. भारतात बंदिस्त चाचणीच्या पहिल्या पातळीवर एका ठिकाणी जास्तीत जास्त 1 एकर आणि दुसऱ्या पातळीवर 2.5 एकर क्षेत्र चालतं. शेजारच्या त्याच पिकापासून किती अंतर ठेवायचं, फुलोऱ्याच्या काळात परागकण बाहेर जाऊ नयेत म्हणून काय करायचं, काढणीनंतर उरलेले अवशेष कसे नष्ट करायचे, पुढच्या हंगामात त्या जमिनीत आपोआप उगवणारी रोपं किती काळ उपटत राहायची, हे सगळं परवानगीच्या अटींत लिहिलेलं असतं. सोबत विषबाधेच्या, ॲलर्जीच्या, मातीतल्या जीवांवरच्या आणि मधमाश्यांसारख्या कीटकांवरच्या परिणामांच्या चाचण्या असतात.

संशोधन सरकारी पैशातून होत असलं की याच्या जोडीला दुसरं उत्तरदायित्व येतं. पैसा कशासाठी दिला, त्यातून काय हाती आलं, फसलं तर का फसलं, आणि त्यातून निघालेल्या बियाण्यावर हक्क कुणाचा? एकाच वेळी जैवसुरक्षेची तपासणी आणि निधीचा हिशेब, अशी ही दुहेरी देखरेख असते. बहुतेक देशांत हे दोन हिशेब वेगवेगळ्या फाइलींत राहतात आणि त्यांची गाठ क्वचितच पडते.

पैशाचा लगाम

जनुकांची जोडणी करता येऊ लागली तेव्हा त्यावर कोणताच कायदा नव्हता. फेब्रुवारी 1975 मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथे शास्त्रज्ञच एकत्र बसले आणि आपल्याच प्रयोगांना कोणत्या मर्यादा घालाव्यात यावर त्यांनी चर्चा केली. पुढच्या वर्षी, 1976 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, लेखी नियम आणले. ते कायदा म्हणून आले नाहीत, अनुदानाची अट म्हणून आले. सरकारी निधी हवा असेल तर हे नियम पाळा, नाहीतर निधी बंद. संस्थेत एक जैवसुरक्षा समिती असली पाहिजे, आणि पुढे ठरलं त्याप्रमाणे तिच्यात किमान 5 सदस्य हवेत आणि त्यातले किमान 2 संस्थेशी संबंध नसलेले हवेत, म्हणजे परिसरातल्या लोकांच्या वतीने बोलणारे.

ही बाहेरच्या सदस्यांची अट मला फार शहाणपणाची वाटते. रोज एकत्र काम करणाऱ्या माणसांना एकमेकांच्या चुका दिसत नाहीत असं नाही, पण बोलायला जड जातं.

पैशाच्या लगामाला मर्यादाही होती. सरकारी निधी न घेणाऱ्या कंपन्यांवर तो चालत नव्हता. शिवाय निधी देणारी संस्था स्वतःच मंजुरी देऊ लागली की काय होतं, हे लवकरच दिसलं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पिकांवर दव गोठू नये म्हणून बदललेला एक जिवाणू तयार केला होता. 1983 मध्ये एनआयएचने त्याच्या खुल्या शेतातल्या प्रयोगाला हिरवा कंदील दाखवला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 1984 मध्ये न्यायालयाने प्रयोग थांबवला, कारण पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा पुरेसा अभ्यास मंजुरीआधी झालेला नव्हता. आरोग्य संशोधनाला निधी देणारी संस्था शेत, वारा आणि परागकण यांचा विचार करायला बसलेली नव्हती. 1986 मध्ये अमेरिकेने कृषी, पर्यावरण आणि अन्न-औषध अशा तीन यंत्रणांत काम वाटून दिलं, आणि तो जिवाणू 1987 मध्ये शेतात गेला.

भारताने वेगळी वाट घेतली. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 1989 मध्ये नियम आले आणि ते सरकारी, खासगी सगळ्यांना सारखेच लागू झाले. संस्थेतली जैवसुरक्षा समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागातली जनुकीय फेरफार आढावा समिती आणि खुल्या लागवडीसाठी पर्यावरण मंत्रालयातली जीईएसी, म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती, अशी ही उतरंड आहे. जीईएसी पूर्वी ‘मंजुरी’ समिती होती. 2010 मध्ये नावातला तो शब्द काढून ‘मूल्यांकन’ घातला गेला. जीएम जीवांच्या देशादेशांतल्या व्यवहारासाठी 2000 मध्ये कार्टाजेना करार झाला आणि 2003 पासून तो अंमलात आहे. अमेरिका त्यात नाही.

सही झाल्यानंतर

देखरेखीवरच्या बहुतेक चर्चा मंजुरीपाशी सुरू होतात आणि मंजुरीपाशीच संपतात. द्यायची की नाही, यावर सगळी ताकद खर्च होते. खरी गळती मात्र नंतर होते, आणि यावर मी मुद्दाम जास्त जागा खर्च करतोय.

डिसेंबर 2005 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या महानिरीक्षकांनी स्वतःच्याच खात्याचं परीक्षण केलं. जीएम पिकांच्या शेतचाचण्यांवर लक्ष ठेवणारा विभाग कसं काम करतो, हा प्रश्न होता. उत्तर धक्कादायक होतं. मंजूर झालेल्या काही चाचण्या नेमक्या कोणत्या शेतात चालल्या आहेत हेच विभागाला ठाऊक नव्हतं, कारण अर्जदाराने अचूक ठिकाण कळवावं असा आग्रह धरला जात नव्हता. प्रयोगाचा तपशीलवार आराखडा मागितला जात नव्हता. ठरलेल्या तपासण्या होत नव्हत्या. औषधी घटक तयार करणाऱ्या जीएम पिकांचे दोन मोठे साठे काढणीनंतर चाचणीच्या जागीच पडून होते आणि विभागाला त्याची खबर नव्हती. जगातल्या सगळ्यात अनुभवी यंत्रणेची ही अवस्था.

मला मात्र त्या अहवालाबद्दल आदरही वाटतो. सरकारने स्वतःच्या यंत्रणेवर स्वतंत्र परीक्षक बसवला, त्याने कटू लिहिलं आणि ते छापून लोकांपुढे ठेवलं. अशी सोय किती देशांत आहे?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2006 मध्ये, अमेरिकेच्या लांब दाण्याच्या तांदळात ‘एलएल-601’ नावाचा जीएम भात सापडला. त्याला तेव्हा विक्रीची परवानगीच नव्हती. त्याच्या शेतचाचण्या 2001 पर्यंत आटोपल्या होत्या. पाच वर्षं फाइल बंद होती आणि दाणा बाजारात फिरत होता. जपानने अमेरिकी लांब दाण्याच्या तांदळाची आयात थांबवली, युरोपने प्रत्येक खेप तपासायला सुरुवात केली आणि भाताचे भाव कोसळले. शोध घेता घेता तो ‘शेनियर’ या वाणात आढळला. लुइझियाना राज्य विद्यापीठाच्या ज्या भात संशोधन केंद्रात शेनियरचं पायाभूत बियाणं तयार होत होतं, तिथेच कंपनीसाठी या जीएम भाताच्या चाचण्याही झाल्या होत्या. कृषी खात्याने वर्षभराहून जास्त काळ चौकशी केली, पण मिसळ नेमकी कशी झाली हे निश्चित सांगता आलं नाही. हा जीएम भात ज्यांचा होता त्या बायर कंपनीने 2011 मध्ये शेतकऱ्यांशी 75 कोटी डॉलरची तडजोड केली.

सार्वजनिक संशोधन केंद्रात ही जोखीम जास्त असते, कारण शेतकऱ्यांसाठी शुद्ध बियाणं राखणं आणि नवनवे प्रयोग करणं, दोन्ही कामं एकाच आवारात चालतात. मळणीचं यंत्र, गोदाम, मजूर, ट्रॅक्टर, सगळं तेच. म्हणून जी नोंदवही कंटाळवाणी वाटते तीच सर्वांत मोलाची असते: कोणत्या वाफ्यात काय पेरलं, यंत्र कधी साफ केलं, उरलेलं किती किलो बियाणं कुणाच्या समोर जाळलं. प्रकल्पाचा निधी तीन वर्षांत संपतो, तो सांभाळणारा संशोधक बदली होऊन जातो, पण जमिनीतलं बी निधी संपल्याचं ओळखत नाही. त्यामुळे अनुदान देतानाच नंतरच्या देखरेखीचा खर्च बाजूला काढून ठेवायला हवा. असं करणारे फार थोडे आहेत.

माणसांवरच्या चाचण्यांत तर चूक आणखी जिव्हारी लागते. 2008 मध्ये चीनच्या हुनान प्रांतात शाळकरी मुलांना जेवणात गोल्डन राइस, म्हणजे अ जीवनसत्त्वासाठी घडवलेला जीएम तांदूळ, दिला गेला. अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून निघते का, हे पाहायचं होतं. अभ्यास अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पुढाकाराने झाला, त्यात अमेरिकी सरकारचा निधी होता. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले आणि मग उघड झालं की हा तांदूळ जनुकीय बदल केलेला आहे हे पालकांना सांगितलंच नव्हतं. चीनने संबंधित अधिकाऱ्यांना पदावरून हटवलं. 2015 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. मुलांना अपाय झाल्याचं आढळलं नाही आणि आकडे खोटे होते असंही नव्हतं. पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती नव्हती. निधी एका देशाचा आणि प्रयोग दुसऱ्या देशात असेल, तर दोन्हीकडच्या समित्या ‘समोरच्याने बघितलं असेल’ असं धरून चालतात.

पैसे देणारा आणि पारखणारा

विद्यार्थ्याला शिकवणी देणाऱ्यानेच बोर्डाचा पेपर तपासावा, हे कुणी मान्य करणार नाही. विज्ञानात हे सर्रास घडतं. भारतात जैवतंत्रज्ञान विभाग जीएम संशोधनाला निधी देतो, चाचण्यांचा आढावा घेणारी समिती त्याच विभागात बसते आणि जीईएसीच्या सहअध्यक्षपदावर त्याच विभागाने सुचवलेला तज्ज्ञ असतो. व्यक्ती प्रामाणिक असतील, बहुतेक असतातच. पण ज्या विभागाने एखाद्या प्रकल्पावर वर्षानुवर्षं पैसा घातला, त्याला तो प्रकल्प यशस्वी झालेला हवा असतो. हा माणसाचा दोष नाही, रचनेचा आहे.

दिल्ली विद्यापीठाची डीएमएच-11 ही जीएम मोहरी याचं चालतं उदाहरण आहे. दीपक पेंटल यांच्या गटाने ती जैवतंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या निधीतून घडवली. ऑक्टोबर 2022 मध्ये जीईएसीने तिला पर्यावरणात सोडण्याची शिफारस केली. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. न्या. नागरत्ना यांनी मंजुरी रद्दबातल ठरवली, न्या. करोल यांनी ती कायम ठेवली. एका गोष्टीवर मात्र दोघांचं जुळलं: केंद्राने सगळ्यांशी सल्लामसलत करून जीएम पिकांचं राष्ट्रीय धोरण आखावं.

याच मोहरीच्या जैवसुरक्षेची माहिती लोकांपुढे ठेवा, असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाला 2016 मध्ये द्यावा लागला. मग संकेतस्थळावर सारांश आला. मूळ कागद बघायचे तर दिल्लीत मंत्रालयाच्या कार्यालयात जा. एखादी कंपनी व्यापारी गुपिताचं कारण सांगते तेव्हा ते निदान समजून घेता येतं. करदात्याच्या पैशातून केलेल्या चाचण्यांना गुपित कसलं? कच्च्या आकड्यांसह सगळं खुलं असलं, तर दुसऱ्या विद्यापीठातला संख्याशास्त्रज्ञ किंवा एखादा विरोधकही त्यातली चूक काढू शकतो. विरोधकाने काढलेली चूक फुकटात झालेली तपासणी असते.

रचना नीट बसवली तर काय होतं, हे ब्रिटनने एकदा दाखवलं. तणनाशक सहन करणारी जीएम पिकं आली की शेतातल्या रानवनस्पती, कीटक, फुलपाखरं यांचं काय होईल, हा प्रश्न होता. 1999 पासून सरकारी निधीतून 200 हून अधिक शेतांवर अभ्यास झाला. प्रत्येक शेताच्या अर्ध्या भागात जीएम, अर्ध्यात नेहमीचं पीक. मोजणी स्वतंत्र संशोधन संस्थांनी केली, वर एक वैज्ञानिक सुकाणू समिती होती आणि निष्कर्ष 2003 मध्ये समीक्षित नियतकालिकातून एकदम जाहीर झाले. बीट आणि मोहरीवर्गीय तेलबियांत जीएम बाजूला तणांचं बी आणि काही कीटक कमी झाले. मक्यात उलट चित्र दिसलं. सरकारने 2004 मध्ये त्यानुसार मक्याला सशर्त होकार दिला आणि बाकी दोन्हींना नकार. मक्याच्या तुलनेवरही टीका झाली, कारण नेहमीच्या मक्यावर वापरलेलं तणनाशक युरोपात बंद होऊ घातलं होतं. पण आकडे सगळ्यांसमोर होते म्हणूनच ती टीका मुद्देसूद झाली.

अमेरिकेच्या कायद्यातली एक तरतूदही उचलण्यासारखी आहे. कृषी खात्याच्या जैवतंत्रज्ञान संशोधनावरच्या खर्चातला ठरावीक हिस्सा फक्त जोखमीच्या अभ्यासासाठी राखून ठेवायचा. तो आधी 1 टक्का होता, 2002 मध्ये 2 टक्के झाला. रक्कम मोठी नाही, पण पीक घडवणारा आणि त्याच्या जोखमी शोधणारा, दोघांच्या निधीची वाट वेगळी होते.

फसलेले प्रयोगही जाहीर व्हायला हवेत. इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्राने मावा किडीला पळवणारा गंध सोडणारा जीएम गहू घडवला होता. 2012 मध्ये चाचणी सुरू झाली तेव्हा विरोधकांनी पीक उपटायची धमकी दिली. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट शेतात जमली नाही, मावा पळाला नाही. केंद्राने 2015 मध्ये ते जसंच्या तसं छापलं. सार्वजनिक पैशाचा असा हिशेब मला यशोगाथेपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो.

ओझं जास्त झालं तर

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 1990 च्या दशकात हवाई बेटांवर पपईच्या बागा विषाणूने उद्ध्वस्त होत होत्या. कॉर्नेल आणि हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी विषाणूला दाद न देणारी ‘रेनबो’ पपई घडवली. तिन्ही यंत्रणांकडून मंजुरी मिळवून 1998 मध्ये तिचं बियाणं शेतकऱ्यांना वाटलं गेलं. तिथला पपईचा धंदा त्यामुळे वाचला. इतक्या छोट्या पिकासाठी कोणती बडी कंपनी पुढे आली असती? मंजुरीचा खर्च आणि वर्षं वाढत गेली की विद्यापीठं थकून बाहेर पडतात आणि ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे तेच उरतात. म्हणजे देखरेख वेळेत निकाल देणारी हवी. नकार द्यायचा असला तरी कारणं लिहून, ठरलेल्या मुदतीत.

सध्या हा सगळा विषय नव्या वळणावर आहे. जनुक संपादनात बाहेरचं जनुक न घालता पिकाच्या स्वतःच्याच जनुकात बारीक बदल करता येतो. भारताने 30 मार्च 2022 ला अशा पिकांच्या दोन प्रकारांना, परकं जनुक उरलेलं नसेल तर, जीईएसीच्या प्रक्रियेतून सूट दिली. मे 2025 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने अशा पद्धतीने घडवलेली भाताची दोन वाणं जाहीर केली, ‘डीआरआर धान 100’ आणि ‘पूसा डीएसटी राइस 1’. दोन्ही पूर्णपणे सरकारी संशोधनातून आलेली.

सुटीचा निर्णय आता मुख्यतः संस्थेतल्या जैवसुरक्षा समितीच्या तपासणीवर उभा आहे. परकं जनुक उरलेलं नाही, हे आधी तीच ठरवते. मोन-531 सारखी खूण शोधून मिसळ पकडणं जुन्या पिकांत शक्य होतं. इथे मात्र बदल इतका बारीक असतो की तो आपोआप झाला की प्रयोगशाळेत केला, हे नुसतं बियाणं पाहून सांगणं अवघड जातं. मग हाती फक्त नोंदी उरतात. त्या भातांच्या तपासणीचे कागद, समितीवर बाहेरचे कोण होते आणि त्यांनी काय विचारलं याचं इतिवृत्त, आणि कोणत्या प्रयोगशाळेने कोणत्या पिढीचं बियाणं तपासलं याची नोंद, हे सगळं परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येईल असं ठेवायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.